आधी घास, मग वासरू

आमचे सर गायींशी अहिराणीत बोलत आणि माणसांशी पुस्तकी मराठीत. शिंदखेडा तालुक्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात मी नव्यानं रुजू झाले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी मला "आपण बसावे" असं सांगितलं आणि त्याच दमात दाराशी बांधलेल्या गायीकडे वळून म्हणाले, "काय व माय, काय व्हयनं तुले?" मला वाटलं, खोलीत दुसरं कुणी आहे. आवाजसुद्धा बदलला होता. माझ्याशी बोलताना तो सरकारी कागदासारखा कोरडा, आणि गायीशी बोलताना चुलीपुढे बसलेल्या माणसाचा.

मी जळगाव शहरात वाढलेली. अहिराणी माझ्या कानावर होती, जिभेवर नव्हती. काही दिवसांनी धीर करून त्यांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "गायीला प्रमाण भाषा येत नाही, डॉक्टर. आणि माणसांशी मी अहिराणीत बोलू लागलो, तर ती मला घरचा समजतील. घरच्या माणसाचं औषध कुणी घेत नाही."

उंच, किडकिडीत, कपाळावर कायम एक आठी. ती रागाची नव्हती, वास घेण्याची होती. सर प्रत्येक गोष्टीचा वास घेत. शेण, मूत, ढेप, पाणी, गायीचं तोंड. विशेषतः तोंड. नुकत्याच व्यालेल्या गायीपाशी गेले की आधी सगळ्यांना गप्प करत, मग तिच्या नाकाशी नाक नेऊन डोळे मिटत. गोठ्यातले लोक हा प्रकार देवाचं काही चालल्यासारखे हात जोडून बघत. सर डोळे उघडत आणि म्हणत, "येतोय," किंवा "येत नाही."

गाय व्याली की तिचं दूध झपाट्यानं चढतं, पण भूक मागून रमतगमत येते. मधल्या काळात ती अंगावरची चरबी वितळवून दूध देत राहते. चरबी फार वितळली की तिचं यकृत थकतं, रक्तात नको ते साचतं, आणि श्वासाला एक गोडसर, कुबट वास येऊ लागतो. या दुखण्याला केटोसिस म्हणतात. सर पूर्वी रावेरला नोकरीला होते. ते म्हणत, केळीच्या वखारीत माल जास्त पिकला की दार उघडताच जो वास अंगावर येतो, तसा तो असतो.

मला तो वास येईचना. एका गायीपाशी झालं, दुसऱ्या गायीपाशी झालं. सर म्हणत "येतोय", आणि मला नुसता गोठा येई. मग एके दिवशी ते मला शिंदखेड्याच्या बाजारपेठेत बांगड्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराला अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "नखांचा रंग काढण्याचं जे द्रव असतं, ते दाखवावं." त्यानं बाटली काढली. सरांनी झाकण उघडून हुंगली, मान डोलावली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. याच्यातही थोडा तोच आहे." दुकानदार एकदा त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. बाटलीतला वास मला आला, तो कुणालाही येईल. पण गायीच्या तोंडाचा काही येईना. मी हिरमुसले. परत येताना सर म्हणाले, "काही माणसांचं नाक त्या वासाला बहिरं असतं. त्यात आपला दोष नाही. आपण लघवीची पट्टी वापरावी. मी नाक वापरतो, कारण माझ्या तरुणपणी पट्टी मिळत नसे." पुढे पट्टीनं आणि नाकानं एकच उत्तर दिलं की त्यांना पोरासारखा आनंद होई.

त्यांची दुसरी खोड म्हणजे गायीचा खुराक स्वतः चाखणं. सरकीच्या ढेपेचा तुकडा तोंडात टाकत, मका चघळत, क्षारांची पूड बडीशेपेसारखी चिमटीत घेत. "आपण गिऱ्हाइकाला वाढतो ते आचाऱ्यानं चाखायला नको?" असं म्हणत. एकदा बुरशी लागलेला मका चाखून दोन दिवस आजारी पडले. दवाखान्यात आले ते थेट त्या मालकाच्या घरी जाऊन, मका फेकायला लावूनच.

गाय माजावर येत नाही, किंवा भरवली तरी गाभण न राहता पुन्हा पुन्हा उलटते, अशी तक्रार घेऊन दिवसातून किती तरी लोक येत. "डॉक्टरसाहेब, एक सुई मारी द्या," एवढंच त्यांचं मागणं. सर त्यांना आधी गव्हाणीबद्दल विचारत. व्याल्यावर काय घातलं, त्याआधी काय घातलं, पाणी कुठलं, उन्हात बांधता की सावलीत. लोक वैतागत. सरांचं ठरलेलं वाक्य होतं: "आधी घास, मग माज, मग वासरू. घरात दिव्याला तेल नसताना कुणी पाहुण्यांना आवतण धाडतं का? गायीचं पोटही तसंच. अंगावर काही उरलं नाही, तर ते पुढच्या वासराला बोलावत नाही."

हे मी सांगते आहे ते कबरीमुळे.

कबरी ही सोनगीरजवळच्या एका गावातली काळीपांढरी संकरित गाय. तिचे मालक नाना म्हणजे आडव्या बांध्याचे, मोठ्या आवाजाचे शेतकरी. तालुक्याच्या प्रदर्शनात कबरीनं दुधात पहिला नंबर काढला होता. शिंगांना गुलाबी फेटा बांधलेला तिचा फोटो त्यांच्या ओसरीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेला होता. घरात नानांच्या पत्नी अक्का आणि सून भारती. मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात कामाला होता, सणावारी येई. गोठा भारतीच बघे.

कबरी आटवलेली होती, म्हणजे दूध बंद करून विण्याची वाट बघत होती, तेव्हा सर आणि मी तिकडे गेलो होतो. पुन्हा नंबर काढायचा म्हणून नाना तिला भरभरून ढेप घालत होते. शेपटीच्या मुळाशी हाडांचा खळगा असतो, तो चरबीनं बुजून गेला होता. सरांनी तिथे तळहात ठेवला आणि म्हणाले, "नाना, ढेप कमी करावी. एवढी जाड गाय व्याल्यावर पडते."

नाना हसले. "डॉक्टरसाहेब, तुमनी दृष्ट लागी जाई मनी गायले."

कबरी व्याली त्याच सकाळी खाली बसली ती उठेना. आम्ही पोचलो तेव्हा मान पोटाशी वळवून पडली होती. कान गार, डोळे जड. रक्तातलं कॅल्शियम सगळं दुधात उतरलं होतं. भारती तिच्या अंगावर गोणपाट पांघरत होती. नाना कोपऱ्यात उभे होते आणि त्यांचा आवाज कुठच्या कुठे गेला होता. सरांनी मानेच्या शिरेतून औषध सोडायला घेतलं, अगदी सावकाश, एक हात गायीच्या छातीवर ठेवून. ते घाईनं दिलं तर हृदय बंद पडतं. "ऊठ व माय," ते पुटपुटत होते, "ऊठ, घाई नई." बाटली संपत आली तशी कबरीच्या अंगावर शहारा आला, तिनं ढेकर दिली, शेण टाकलं, आणि एकदम मागचे पाय रोवून उभी राहिली. नानांनी सरांचे पाय धरले. सर मागे सरकत म्हणाले, "उठली आहे. बरी झालेली नाही. तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवा."

पुढे तसंच झालं. वार अडकली, गर्भपिशवीत पू झाला. तो निस्तरतो तोवर कबरीनं खुराक सोडला. नुसता कडबा हुंगायची. दोन आठवड्यांत पाठीची हाडं वर आली, तरी कासेत दूध उतरतच होतं. नानांचा निरोप आला: बठ्ठं खानं सोडी दिन्हं तिनी.

आम्ही भरदुपारी पोचलो. सरांनी नाक लावलं. "येतोय." मी पट्टी बुडवली, ती जांभळी झाली. मी वाशाला सलाईनची बाटली टांगायला घेतली. दोरी पुरेना, म्हणून भारतीला म्हटलं, जरा धरतेस का? तिनं पदर सावरत हात वर केला. बाटली हलू लागली. मग ती भिंतीला टेकली आणि हळूच खाली बसली.

तेव्हा मला कळलं की तिलाही बाळंत होऊन फार दिवस झाले नव्हते. दुसरी मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे सासरी. बाळ घरात झोळीत झोपलं होतं आणि ही गोठ्यात उभी होती.

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग अक्कांना विचारलं, "या ताईंनी सकाळपासून काय खाल्लं आहे?"

"सकायले चहा पिनी ना ती," अक्का म्हणाल्या. "बाळंतीणले जास्त खावाले देतस नई. आम्हीबी असाच दिन काढात."

त्या दुष्टपणानं बोलत नव्हत्या. त्यांना जे वाढलं गेलं, तेच त्या वाढत होत्या.

सरांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. "डॉक्टर, सुई आत्ता लावू नका," मला म्हणाले. मग अक्कांना, "आधी यांना ताट वाढा. भाकरी, डाळ, वर तूप. त्या जेवल्या की मी गायीला औषध देईन."

"अहो डॉक्टरसाहेब," नाना ओरडले, "मनी गाय मरी जाई ना!"

"गाय थोडा वेळ थांबू शकते."

"हाई काय बोलनं शे? तुम्ही ढोरना डॉक्टर!"

"म्हणूनच सांगतो," सर शांतपणे म्हणाले. "तुमच्या गोठ्यात दोन बाळंतिणी आहेत, नाना. दोघीही स्वतःच्या हाडामांसाचं दूध पाजताहेत. एकीसाठी तुम्ही मला बोलावलंत. दुसरीसाठी कुणाला बोलावणार?"

मला मनातून वाटत होतं, हे आता आपल्याला हाकलून देतील. नानांचा चेहरा लाल झाला होता. पण अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, तूप. भारतीनं ताटाला हात लावला नाही. सासऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर, गोठ्यात बसून ती कशी जेवणार? सर उठले, नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "चला, तुमचा कडबा दाखवा" म्हणून त्यांना बाहेर घेऊन गेले. दारातून बाहेर पडता पडता वळले, आणि माझ्यादेखत पहिल्यांदा एका माणसाशी अहिराणीत बोलले.

"जेव व माय. पोटभर खाय. लाजू नको."

भारती जेवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण थांबली नाही. अक्का तिच्याशेजारी टेकून बसल्या होत्या. भाकरी संपली तशी त्यांनीच दुसरी आणली, आणि मोडून तिच्या डाळीत कुस्करून दिली.

मग आम्ही कबरीला सलाईन लावलं.

निघताना सरांनी नानांना सांगितलं की उद्या भारतीला ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासा, आणि नेलं की नाही हे मी विचारायला येणार आहे. सर खरोखर विचारायला गेले. भारतीचं रक्त फारच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या.

भारतीला जेवायला लावलं त्या दिवशी परतताना सोनगीरच्या किल्ल्याखाली सरांनी मोटारसायकल थांबवली. रस्त्याच्या दुभाजकावर बसलेल्या गायींना बघण्यासाठी ते नेहमीच थांबत, तसंच असेल असं मला वाटलं. पण तिथे गायी नव्हत्या. ते समोर बघत म्हणाले, "माझी आई माझ्या जन्मानंतर फार दिवस राहिली नाही. गावात सांगत, बाळंतपणात तिला बाहेरचं काही लागलं. मी शिकलो, डॉक्टर झालो, तेव्हा मला कळलं. काही लागलेलं नव्हतं. तिला कुणी जेवायला वाढलं नव्हतं." पुन्हा गाडी सुरू केली.

कबरी खाऊ लागली. भारती तिला हिरवा चारा, भरडा, क्षारांची पूड थोडं थोडं, दिवसातून अनेक वेळा घालायची. पण उन्हाळा लागला तरी ती माजावर येईना. नाना रोज दवाखान्यात येऊन ऐकवत: शेजाऱ्याची गाय दोनदा भरवून झाली, माझी अजून कोरडी. शेवटी त्यांनी पोळ्यापर्यंतची मुदत दिली: "पोयालोंग थांबसू. गाभण ऱ्हायनी नई तर ईकी टाकसू." व्यापारी येऊन बघूनही गेला होता. भाकड म्हणून विकलेल्या गायीचं पुढे काय होतं, ते कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मे महिन्यात भारतीचा फोन आला. कबरी हंबरते आहे, शेपटी उचलते आहे. आम्ही धावत गेलो. नानांनी कबरीला धुऊन उभी केली होती. सरांनी शेपटीखाली लोंबणाऱ्या चिकट स्रावाची तार बोटावर घेतली आणि उन्हात धरली. माजावरच्या गायीची तार काचेसारखी स्वच्छ हवी. हिच्यात दुधी धागे होते. गर्भपिशवीतली जखम अजून पूर्ण भरून आली नव्हती.

"हा माज सोडावा लागेल," सर म्हणाले.

नाना भडकले. इतके महिने वाट बघितली, आलेला माज वाया घालवता, तुम्हाला येत नसेल तर सांगा, दुसरा माणूस आणतो. गल्ली जमली. सर मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या निवृत्तीला जेमतेम काही दिवस उरले होते. पुढच्या माजाला ते नसणार होते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. कबरीला भरवून ते सहज सुटले असते.

"नाना," गोठ्यातून आवाज आला. भारती होती. डोक्यावर पदर, कडेवर मुलगी. सासऱ्यापुढे ती मोठ्यानं बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. "एक डाव थांबी जावा. मी ध्यान ठेवसू."

नानांनी तिच्याकडे बघितलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. पागोटं झटकून ते घरात निघून गेले. दुसरा माणूस मात्र त्यांनी आणला नाही.

सर निवृत्त होऊन धुळ्याला राहायला गेले. निरोपाच्या समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. हार काढून दवाखान्याबाहेर बांधलेल्या एका म्हशीला खाऊ घातला आणि घरी गेले. जूनमध्ये कबरी पुन्हा माजावर आली. या वेळी तार अशी होती की तिच्यातून समोरचा बाभळीचा फांटा दिसावा. मी तिला भरवलं. तीन आठवड्यांनी ती उलटली नाही. भारती रोज कळवायची: आज काही नाही, आजही काही नाही.

पुढे कबरी नीट व्याली, उभ्या उभ्या, वारही दुपारपर्यंत पडली, आणि त्या खेपेला नानांनी ढेपेची पाटी स्वतः भारतीच्या हवाली केली होती. पण माझ्या मनात जो दिवस राहिला, तो त्याआधीचा, ती गाभण आहे का हे तपासण्याचा. पोळ्याच्या आधीचा आठवडा. मी सरांना फोन केला होता. येतील असं वाटलं नव्हतं. धुळ्याहून एसटीनं आले. अंगात पांढरा सदरा, हातात काहीच नाही. गोठ्याच्या दाराशी चपला काढून बाहेरच उभे राहिले. नानांनी त्यांना रामराम केला, पण डोळे वर उचलले नाहीत.

मी हातमोजा चढवला. आत हात घालून पिशवी चाचपली. गायीच्या गर्भाशयाला दोन शिंगं असतात, वासरू एका शिंगात धरतं. बोटांखाली तो गोल, पाण्यानं भरलेला, ताणलेला फुगवटा लागला.

"गाभण आहे," मी म्हणाले.

नाना मटकन ओट्यावर बसले. अक्कांनी कबरीच्या कपाळाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. भारती नुसती माझ्याकडे बघत होती.

"साहेब," नाना दाराकडे वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान झाला. "तुम्ही एकडाव हात घालीसन देखा ना."

"डॉक्टर या आहेत," सर म्हणाले. "त्यांनी सांगितलं ना?"

"तरीबी. तुमना हातनी."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, हातमोजा घातला आणि कबरीच्या मागे उभे राहिले. "काय व माय," तिला म्हणाले, "म्हातारा उना देख." आयुष्यभराच्या तपासण्यांनी त्यांचा खांदा झिजून गेला होता. हात आत घालतानाच त्यांच्या तोंडावर कळ उमटली. डोळे मिटून ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी हात बाहेर काढला.

"आहे," ते म्हणाले.

नानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भारती आतून गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली. सर हातमोजा काढत माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "डाव्या शिंगात आहे ना?"

"उजव्या, सर."

ते थबकले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तर मग उजव्याच असेल," ते म्हणाले. "मला काही लागलंच नाही. बोटं मुकी झाली आहेत माझी."

"मग 'आहे' कसं म्हणालात?"

"आपण म्हणालात ना, डॉक्टर," सर म्हणाले, आणि हात धुवायला त्यांनी भारतीपुढे ओंजळ धरली.